कारणाचा रकाना

लिफ्टच्या कंपनीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात कागदाला तोटा नसतो. मेकॅनिकच्या घरी किराण्याची यादी, नातेवाइकांचे फोन नंबर, दूधवाल्याला द्यायचे निरोप, सगळं कंपनीच्या जुन्या छापील वह्यांवर लिहिलं जायचं. तीन वर्षांपूर्वी कंपनीने कारभार मोबाइलवर आणला आणि उरलेल्या वह्या रद्दीत काढल्या, तेव्हा त्याने दोन गठ्ठे खांद्यावर मारून घरी आणले होते. बायको म्हणाली होती, "एवढ्या वह्या संपवायला आपल्याला दोन जन्म लागतील." मेकॅनिक त्यावर खूश झाला होता. दोन जन्मांची सोय झाली, ही काय वाईट गोष्ट आहे?

म्हणून मूल दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या ताईंनी जेव्हा सांगितलं, की मुलगी कधी बिथरते, त्याच्या आधी काय घडलेलं असतं, ते जरा लिहून ठेवत जा, तेव्हा त्याने त्यातलीच एक वही काढली. हेतू वाईट नव्हता. पण हेतू चांगला असला की माणूस मागेपुढे न बघता चुका करतो, आणि त्या मन लावून करतो. मेकॅनिकने ही चूक साडेतीन महिने मन लावून केली.

मुलगी नऊ वर्षांची होती. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा बायकोने एका वाक्यात निकाल लावला होता. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, आणि बोलणंही तसंच, घासूनपुसून स्वच्छ. "तान्ह्या बाळांसाठी शंभर जण रांगेत उभे आहेत," ती म्हणाली. "आपण जिथे रांग नाही तिथे जाऊ." जिथे रांग नाही तिथे ती का नाही, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

ताईंनी मात्र आपणहून सांगितलं. काही लपवलं नाही. पाच वर्षांची असताना ही मुलगी एका घरात तीन दिवस एकटी कोंडलेली होती. बाहेरून कडी होती. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. मग बालगृह झालं. मग एका कुटुंबाने तिला नेलं आणि सात महिन्यांनी परत आणून सोडलं. त्याबद्दल फायलीत एकच ओळ होती, 'समायोजन झाले नाही.' ही ओळ ज्याने कोणी लिहिली असेल त्याला मेकॅनिकच्या बायकोने तिथल्या तिथे शिव्या घातल्या. मनातल्या मनात, पण तोंडावर दिसतील अशा.

रीत अशी होती, की सहा महिने एकत्र राहायचं. ताई दर पंधरा दिवसांनी घरी येणार, आईबापांनी महिन्यातून दोनदा संस्थेतल्या पालकांच्या बैठकीला जायचं, आणि सहा महिने झाले की समितीपुढे उभं राहायचं. समिती मुलीला एकटीला आत बोलावते आणि विचारते, तुला या घरी राहायचं आहे का. नऊ वर्षांच्या मुलीने नाही म्हटलं, की विषय संपला. मग आईबापांच्या चांगुलपणाचे कितीही दाखले आणा.

पहिल्या दिवशी मुलगी घरात आली आणि तिने घर तपासलं. प्रत्येक दार उघडून बघितलं, लावून बघितलं, कड्या सरकवून बघितल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान बाहेर काढून खाली किती उंची आहे तेही बघितलं. नळ सोडून पाणी येतं का याची खात्री केली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वर्षातून एकदा लिफ्ट तपासायला सरकारी इन्स्पेक्टर यायचा, तो याच्या निम्म्यानेही बघत नसे. मेकॅनिकने तिचं नाव 'इन्स्पेक्टर' ठेवलं. तिने हरकत घेतली नाही, एवढ्यावर त्याने समाधान मानलं. ती या दोघांना कोणत्याच नावाने हाक मारत नसे. काही हवं असलं तर म्हणायची, "ऐका ना." लिफ्टमध्ये तर ती पाऊल ठेवत नसे. मेकॅनिकच्या घरची मुलगी चार मजले जिने चढते, हे पाहून शेजाऱ्यांना त्याच्या कामाबद्दलच शंका यायला लागली.

पहिले पंधरा दिवस छान गेले. सोळाव्या दिवशी संध्याकाळी तिने भरलेलं ताट जमिनीवर फेकलं आणि टेबलाखाली जाऊन बसली ती दीड तास बाहेर आली नाही. मग रोज काहीतरी व्हायला लागलं. तिने मेकॅनिकच्या बायकोच्या हाताला कडकडून चावा घेतला. हॉलचा पडदा कात्रीने खालून वरपर्यंत कापला. मेकॅनिकचे बूट रविवारी गायब व्हायचे आणि सोमवारी पिठाच्या डब्यामागे सापडायचे. विचारलं की ती दाताला दात लावून गप्प बसायची. रडायची नाही. एकदाही रडली नाही. बायको म्हणायची, रडली असती तर जवळ तरी घेतलं असतं. हिच्याशी करायचं तरी काय?

मेकॅनिकचा आयुष्याबद्दलचा एकच सिद्धांत होता. बिघाड आहे म्हणजे कारण आहे. लिफ्ट उगाच कोणावर रुसत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तर कुठेतरी तार सैल असते, नाहीतर दारात खडा अडकलेला असतो. नीट नोंद ठेवली की कारण हाती लागतं. त्यामुळे ताईंचा सल्ला त्याला इतका पटला, की त्याच रात्री त्याने वही उघडून पहिली नोंद केली. वहीत रकाने आयतेच छापलेले होते. तारीख. वेळ. बिघाडाचे स्वरूप. कारण. केलेली दुरुस्ती. सही.

'सायं. ७.००. ताट फेकले. कारण: समजले नाही. दुरुस्ती: समजावून सांगितले. उपयोग नाही.' खाली सही.

'दु. ४.१५. हाताला चावली (उजवा). कारण: समजले नाही. दुरुस्ती: औषध लावले.' म्हणजे हाताला. सही.

साडेतीन महिन्यांत त्रेसष्ट नोंदी झाल्या. अक्षर सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. ही वही घेऊन तो पालकांच्या बैठकीला गेला, तेव्हा त्याची छाती थोडी फुगलीच होती.

बैठक संस्थेच्या पाळणाघराच्या खोलीत भरायची. तिथे मोठ्या खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून लाल-पिवळ्या स्टुलांवर बसायची. त्या अवस्थेत कोणालाच फार शहाणपण करता येत नाही, हा त्या खोलीचा मोठा गुण होता. मेकॅनिकशेजारी नेहमी एक नर्स बसायची. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. तिने एकटीने दोन भावंडं दत्तक घेतली होती आणि चार वर्षं त्यात काढली होती. तिने वही चाळली आणि म्हणाली, "अहो, आमच्या वॉर्डात तुमच्यासारखं लिहिणारा एक माणूस मिळाला असता तर! पण हे 'समजले नाही, समजले नाही' किती वेळा?"

"त्रेपन्न," मेकॅनिक म्हणाला. त्याने मोजलं होतं.

"मग पोरीलाच विचारा की."

"सांगत नाही ना."

"आमची पण नव्हती सांगत," सिस्टर म्हणाली. "आता थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत."

तेवढ्यात पलीकडे एका बाईला रडू फुटलं. तिचा मुलगा आठवडाभर शाळेत गेला नव्हता. ताई तिकडे धावल्या. धावता धावता त्यांनी मेकॅनिकच्या हातातल्या वहीची चार पानं उलटली, "वा, छान, चालू ठेवा," म्हणाल्या आणि गेल्या. मेकॅनिकला जणू इन्क्रिमेंट मिळालं.

वही तो कपाटावर, बॅगेच्या मागे ठेवायचा. इन्स्पेक्टर असलेल्या घरात ही काही लपवायची जागा नव्हे. एका सुट्टीच्या दिवशी तो बाल्कनीत इस्त्री उघडून बसला होता, बायको दुकानात गेली होती, आणि मुलीने स्टूल लावून कपाटाचा वरचा भाग तपासला. वही तिला सापडली. तिने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि होती तशी परत ठेवली. मेकॅनिकला पत्ताही लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शहाण्यासारखी वागायला लागली. ताटात वाढलेलं संपवू लागली. स्वतःचं ताट विसळून ठेवू लागली. बूट जागच्या जागी. बोललं की "हो," हाक मारली की "आले." पडद्याजवळ फिरकली नाही. मेकॅनिकने वहीत लिहिलं, 'बिघाड नाही.' दुसऱ्या दिवशी, 'बिघाड नाही.' सलग नऊ दिवस. कामावर जोडीदाराला त्याने चहा पाजला. "शेवटी मशीन काय आणि माणूस काय," तो सांगत सुटला, "धीर धरला की सुरळीत होतं."

बायकोला मात्र चैन पडेना. "अहो, मला हे काही बरं लक्षण वाटत नाही," ती म्हणाली. "पाहुणी असल्यासारखी वागते आहे. काल माझ्या हातून पाणी सांडलं तर तीच सॉरी म्हणाली."

"चावत होती तेव्हाही तक्रार, चावत नाही तेव्हाही तक्रार!"

"चावत होती तेव्हा घरात होती," बायको म्हणाली. "आता कुठे आहे ते मला कळत नाही."

दहाव्या दिवशी ताई ठरल्याप्रमाणे घरी आल्या. मुलीबरोबर तिच्या खोलीत बसल्या. नेहमी वीस मिनिटं बसायच्या, त्या दिवशी तास झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून बायकोने चहाचा कप हातातून खाली ठेवला.

"समितीला अजून बारा दिवस आहेत ना?" ताई म्हणाल्या. "ती म्हणते आहे, मी नाही म्हणून सांगणार. मला परत बालगृहात जायचं आहे. तिने बॅग भरून ठेवली आहे. पलंगाखाली."

मेकॅनिकच्या पायाखालची जमीन सरकली. तो म्हणाला, "पण नऊ दिवसांत एकही बिघाड नाही!" आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"तुमची वही जरा आणा," ताई म्हणाल्या. "ती म्हणाली, यादी झाली आहे."

वही टेबलावर आली. ताईंनी आज पहिल्यांदा तिचं मुखपृष्ठ बघितलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'लिफ्ट बिघाड नोंदवही.' खाली लिफ्ट क्रमांकाच्या जागी मेकॅनिकने नीटस अक्षरात मुलीचं नाव लिहिलं होतं.

बायकोने ते नाव दोनदा वाचलं. मग बायको म्हणाली, "अहो, पोरीला लिफ्टच्या वहीत लिहिलंत?"

"पानं कोरी होती," मेकॅनिक म्हणाला.

"पानं कोरी होती. आणि डोकं?"

ताईंनी जे सांगितलं ते त्यांनाही अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं. त्या आधीच्या कुटुंबाने मुलीला परत आणलं, तेव्हा त्या बाईने कार्यालयात पर्समधून कागद काढला होता आणि एकेक वाचून दाखवलं होतं. अमुक तारखेला हे फोडलं, तमुक तारखेला ते. मुलगी तिथेच बाकावर बसून ऐकत होती. बाईंचं वाचून झालं, सह्या झाल्या, आणि ते लोक निघून गेले. फायलीत यातलं काही नव्हतं. पण मुलीला पक्कं ठाऊक होतं, की मोठी माणसं तारखा घालून लिहायला लागली की आपली परत जायची वेळ जवळ आली. फक्त या वेळी बाकावर बसून ऐकायचं नाही, आपणच आधी निघायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

"चूक माझीही आहे," ताई म्हणाल्या. "लिहा म्हणून मीच सांगितलं. कसं लिहायचं ते सांगितलं नाही. आणि पानं उलटूनही वही नीट बघितली नाही."

मेकॅनिक उठला. "आत्ता फाडून टाकतो."

"फाडू नका. तिने वाचली आहे. फाडलीत तर तिला वाटेल, चोरी पकडली गेली म्हणून पुरावा नाहीसा केला."

"मग करू काय?"

"मला नक्की माहीत नाही," ताईंनी सांगितलं, आणि मेकॅनिकला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच खरा आदर वाटला. "तिच्याशी खरं बोला. पण राहा म्हणून गळ घालू नका, तिच्यापुढे रडू नका. तुम्हाला सांभाळायचं काम तिच्यावर नको."

दुसऱ्या दिवशी तो लवकर घरी आला. मुलगी स्वयंपाकघरात दाराकडची खुर्ची धरून बसली होती. ती नेहमी दाराकडचीच खुर्ची घ्यायची. त्याने वही तिच्यासमोर ठेवली. बायको ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

"ही तू वाचलीस," तो म्हणाला.

"हो."

"मी लिहिली. तुला परत द्यायला नव्हती लिहिली. मला तुझं काही कळत नव्हतं, म्हणून लिहिली."

"त्या बाई पण असंच म्हणाल्या होत्या."

मेकॅनिकने रात्रभर जुळवलेली चार वाक्यं सोडून दिली. त्याने वहीचं पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागला. बिघाड झालेल्या जागी जाऊन आधीची नोंद मोठ्याने वाचायची, ही त्याची बावीस वर्षांची सवय. "सायंकाळी सात वाजता. ताट फेकले. कारण..."

"सात वाजता नव्हतं," मुलगी म्हणाली. "साडेसहाला होतं. कार्टून संपलं नव्हतं."

त्याने खिशातलं पेन काढलं, सात खोडले, साडेसहा लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. नोंद दुरुस्त केली की सही करायची असते. मुलगी ती सही बघत राहिली.

"आणि कारण समजले नाही काय?" ती म्हणाली. आवाज थोडा चढला होता. "कारण होतं."

"काय होतं?"

ओट्यापाशी भांड्यांचा आवाज थांबला. मेकॅनिक पेन धरून तसाच बसला. समोर बंद पॅनल असलं की घाई करायची नसते, एवढं त्याला कळत होतं.

"तुम्ही ताट ठेवलंत," शेवटी ती म्हणाली, "आणि जाऊन दाराला कडी लावलीत."

तो रोज संध्याकाळी जेवायच्या आधी बाहेरच्या दाराला वरची कडी लावायचा. त्याचे वडीलही लावायचे. कडी लावताना आपण कडी लावतो आहोत हेही त्याच्या ध्यानात नसायचं. त्याने 'समजले नाही' खोडलं आणि लिहिलं, 'मी दाराला कडी लावली.' सही केली.

"पुढचं वाचा," मुलगी म्हणाली.

पुढचं चाव्याचं होतं. "त्या मागून आल्या," मुलीने ओट्याकडे हनुवटी केली, "आणि केसांना हात लावला. मला दिसल्याच नाहीत."

बायकोने मागे न वळता विचारलं, "समोरून आले तर चालेल का?"

"आधी सांगायचं."

"सांगेन," बायको म्हणाली. तिचा आवाज जरा जाड झाला होता. पण ती रडली नाही, तिने ताईंचा शब्द पाळला.

पडदा लावला की बाहेरची माणसं दिसत नाहीत आणि बाहेरच्या माणसांना आपण दिसत नाही. बुटांचं तर सरळच होतं. रविवारी कंपनीचा फोन वाजला की मेकॅनिक बूट घालून जायचा, आणि बूट नसले की जाता येत नाही.

"पण त्या रविवारी मी चपला घालून गेलो होतो," मेकॅनिक म्हणाला.

"मग दुसऱ्या रविवारी मी चपला पण लपवल्या. ते तुम्ही लिहिलंच नाही."

"राहून गेलं," त्याने कबूल केलं आणि तारीख विचारून बिघाडाची चौसष्टावी नोंद केली.

हे काम तीन संध्याकाळ चाललं. मुलगी चुका काढायची, तो दुरुस्त करायचा. इतक्या कडक तपासणीला तो नोकरीतही कधी सामोरा गेला नव्हता. अधूनमधून ती कपाळाला आठ्या घालून विचार करायची आणि म्हणायची, "याचं मला पण नाही माहीत."

"मग काय लिहू?"

"समजले नाही. ते बरोबर आहे."

तिसऱ्या दिवशी शेवटचं पान झालं. कारणाचा रकाना वरपासून खालपर्यंत बघताना मेकॅनिकला लाज वाटली. मी कडी लावली. मी मोठ्याने हसलो. आम्ही दार लोटून हळू आवाजात बोलत होतो. मी उद्या नेतो म्हटलं आणि नेलं नाही. बिघाडाच्या रकान्यात साडेतीन महिने मुलगी होती आणि कारणाच्या रकान्यात पानापानावर तो स्वतः निघाला होता. हे त्याने बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "मी पण आहे त्यात चौदा वेळा. मोजलं मी."

मग त्याने अवजारांची पेटी उघडली. दाराची वरची कडी काढली, मुलीच्या खांद्याच्या उंचीवर बसवली आणि तेल दिलं. "ही आता तुझ्या ताब्यात," तो म्हणाला. "लावायची की नाही, कधी लावायची, तू ठरव." तिने कडी वीसेक वेळा मागेपुढे सरकवून बघितली. त्या रात्री ती लावली नाही. तिघंही दार नुसतं लोटून झोपले, आणि मेकॅनिकला चोरांच्या भीतीने पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

पण समितीपुढे काय सांगणार, ते ती बोलली नाही. बॅग पलंगाखालून हलली नाही. झाडताना बायको ती जराशी सरकवायची, खालची फरशी पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. चौथ्या दिवशी मुलीने पुन्हा ताट फेकलं. बायको कोपऱ्यात जाऊन हसली. "आली परत," ती मेकॅनिकच्या कानात म्हणाली. तिला किती बरं वाटलं होतं! मेकॅनिकने मात्र सिस्टरला फोन करून विचारलं, हे चांगलं की वाईट? सिस्टर म्हणाली, "चांगलं. पण काचेची ताटं वापरू नका."

समितीचा दिवस आला. तिसऱ्या मजल्यावरचं कार्यालय, बाहेर लांब बाक. ताई मुलीला आत घेऊन गेल्या, दार बंद व्हायला आलं तेव्हा मुलीने मागे वळून दाराकडे बघितलं, आणि आतल्या कोणीतरी उठून ते अर्धवट उघडं ठेवलं. ते ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण उघड्या दारातून शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज यायचा. मेकॅनिक घाबरला होता. दहाव्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या पोकळीत वाकून काम करतानाही तो कधी असा घाबरला नव्हता. बायकोने त्याचा हात धरला होता आणि तो तिला दुखेल इतका दाबत होता. मुलगी नाही म्हणाली तर आपण घरी जाऊन त्या कडीकडे कसं बघायचं, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

वीस मिनिटांनी दोघांना आत बोलावलं. टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या, पिकल्या केसांच्या बाई चष्मा पुसत होत्या.

"आम्ही हिला एक प्रश्न विचारला," त्या म्हणाल्या, "आणि हिने आम्हाला अकरा विचारले. पक्कं झाल्यावर परत देता येतं का? कोणी लिहून ठेवलं तर? मी काही फोडलं तर? फार मोठं फोडलं तर? यांनी फोडलं तर? आम्ही सगळ्यांची उत्तरं दिली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग म्हणाली, 'ठीक आहे, राहते.' इथे सह्या करा."

मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. सही करताना त्रेसष्ट सुबक सह्यांचा धनी तिथे कोंबडीच्या पायासारखं काहीतरी काढून आला. ताईंनी डोळे पुसले आणि सर्दीचं निमित्त केलं. मुलगी शांत होती. तिने सगळ्यांना "थँक यू" म्हटलं, समितीला, ताईंना, शिपायालासुद्धा.

तिघं जिन्याने खाली निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मुलगी थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"दमलीस का?" बायकोने विचारलं.

"तुम्ही कुठे होतात?" मुलगी म्हणाली.

"बाहेर. बाकावर बसलो होतो ना."

"आत्ता नाही. तेव्हा." तिचा आवाज एकदम फुटला. "तेव्हा मी दार वाजवत होते. केव्हाची वाजवत होते. किती हाका मारल्या. तुम्ही कुठे होतात? तुम्ही का नाही आलात?"

आणि ती रडायला लागली. चार वर्षं साठलेलं रडू ते. ती ओरडत होती, दोन्ही मुठींनी मेकॅनिकच्या पोटावर मारत होती, आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. वरच्या मजल्यावर दारं उघडली, कारकून कठड्यावरून वाकून बघायला लागले. बायकोने तोंड उघडलं. अगं, तेव्हा तर तू आहेस हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं, असं ती म्हणणार होती, आणि ते खरंच होतं. मेकॅनिकने हाताने तिला थांबवलं.

बंद पडलेल्या लिफ्टमधून त्याने आजवर शेकडो माणसं बाहेर काढली होती. त्यातली काही बाहेर येऊन हसून आभार मानायची आणि भराभर निघून जायची. त्यांची त्याला काळजी वाटायची, ती अजून आतच असायची. जी खरोखर बाहेर आलेली असायची ती भांडायची. इतका वेळ कुठे होतात म्हणून त्याची गचांडी धरायची. त्यांना रस्त्यातली गर्दी सांगायची नसते, फोन उशिरा आला हेही सांगायचं नसतं.

तो पायरीवर बसला, तिच्या उंचीला आला. मुठी आता खांद्यावर पडायला लागल्या.

"उशीर झाला," तो म्हणाला. "फार उशीर झाला. चुकलं आमचं."

"किती उशीर केलात!"

"हो. खूप केला."

बायको तिला दिसेल अशी समोरून आली आणि म्हणाली, "मी इथे बसते आहे हं," आणि दुसऱ्या बाजूच्या पायरीवर बसली. येणारेजाणारे भिंतीला चिकटून वाट काढत होते. कोणीतरी पाणी हवं का विचारलं. तिचं भांडून होईपर्यंत तिघं तिथेच बसून राहिले.